लेकरू परदेशात अटकेत: आई-बापानं काय करायचं आणि काय बोलायचं

मुलाला परदेशात अटक झाल्याची बातमी मराठवाड्यातल्या घरात सरकारी पत्रानं येत नाही. शारजातला खोलीतला जोडीदार फोन करतो, नाहीतर जर्मनीत सोबत शिकणारी मैत्रीण व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकते. तासाभरात भावकीला कळतं आणि संध्याकाळपर्यंत अंगणात कुणीतरी मोबाईल आडवा धरून विचारतं, "काका, तुमची प्रतिक्रिया काय?" त्या क्षणी बाप जे बोलतो ते बीड-परभणीतल्या एखाद्या यूट्यूब चॅनलपुरतं राहील, असं त्याला वाटतं. ते तिथं राहत नाही. तिकडचा सरकारी वकील त्याचं भाषांतर करून घेऊ शकतो, तिकडचा फिर्यादी ते पाहू शकतो. म्हणून या लेखात आधी कामं सांगितली आहेत, बोलणं नंतर.

अशी वेळ आलेलं आपलं घर एकटंच आहे, असंही समजू नका. केंद्र सरकारनं २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, कच्चे कैदी धरून दहा हजारांहून जास्त भारतीय परदेशी तुरुंगांत आहेत. त्यातले सगळ्यात जास्त सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत आहेत.

पहिलं काम: बातमी खरी आहे का?

अनोळखी नंबर, डीपीला वर्दीतला फोटो आणि पलीकडून रडका आवाज: "पप्पा, मला वाचवा." ही फसवणूक गेल्या काही वर्षांत इतकी पसरली आहे की ज्याचं पोरगं बाहेरगावी आहे त्या प्रत्येकानं ती गृहीतच धरावी. आवाजाची नक्कल आता मशीन करतं. फोन ठेवा आणि मुलाच्या नंबरवर लावा. लागला नाही तर खोलीतला जोडीदार, कंपनीचा सुपरवायझर, विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय, यांपैकी कुणालातरी गाठा. "फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, आत्ता पैसे टाका" या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो चोर आहे. यूपीआयवर जामीन घेणारं पोलीस ठाणं जगात कुठंही नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

दुसरं काम: तो नेमका कुठं आहे?

एका कागदावर लिहून काढा: पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, व्हिसा कसला, मालक किंवा कॉलेज, राहण्याचा पत्ता, आणि शेवटचं बोलणं कधी झालं ते. आपल्याकडं मुलाला घरात 'बाळू' म्हणतात, शाळेत 'बालाजी' आणि पासपोर्टवर बापाचं नाव मध्ये घालून काहीतरी लांबलचक असतं. नावाच्या या घोळात तुरुंगाच्या यादीत माणूस सापडायला दिवस जातात.

मग भारतीय दूतावास. तो देशाच्या राजधानीत असतो. मोठ्या शहरांत वाणिज्य दूतावास असतात आणि काम त्या-त्या भागाप्रमाणं वाटलेलं असतं. दुबई-शारजाचं काम दुबईचा वाणिज्य दूतावास पाहतो, अबुधाबीचं तिथला दूतावास. जेद्दा, ह्यूस्टन, फ्रँकफर्ट इथंही वाणिज्य दूतावास आहेत. दूतावासाला ईमेल करा आणि त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. २०१५ मध्ये सुरू झालेलं हे पोर्टल यासाठीच आहे. तिथं मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा. पुढं खासदाराला भेटा नाहीतर मंत्रालयाला, पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच येतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा फुकटचा नंबर आहे. सुट्ट्यांचंही ध्यानात ठेवा: सौदीत शुक्रवार-शनिवार बंद असतो, अमिरातीत शनिवार-रविवार.

हक्काचं म्हणाल तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ आहे. परदेशी माणसाला पकडल्यावर 'तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवू का' हे त्याला विचारणं, त्यानं हो म्हटलं की विनाविलंब कळवणं आणि अधिकाऱ्यांना भेटू देणं, हे त्या देशावर बंधनकारक आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ ला पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावर. पण इथं एक बारीक गाठ आहे. हा हक्क मुलानं मागायचा असतो. अनेक देशांचे खासगीपणाचे कायदे कडक आहेत. मुलानं लेखी संमती दिल्याशिवाय ते दूतावासालाही तपशील देत नाहीत, आणि दूतावास तुम्हालाही देत नाही. "आम्ही आई-बाप आहोत, आम्हाला का सांगत नाही?" म्हणून दूतावासावर टीव्हीवर आगपाखड करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. निरोप पाठवता आला तर पहिला निरोप हाच: दूतावासाची भेट माग, आणि आई-वडिलांना माहिती द्यायला संमती लिहून दे.

दूतावास काय करत नाही तेही समजून घ्या. तो सोडवून आणत नाही, कोर्टात वकील म्हणून उभा राहत नाही, तिकडच्या पोलिसांना हुकूम देत नाही. तो भेटतो, प्रकृती आणि वागणूक पाहतो, वकिलांची यादी देतो, दुभाषासाठी मदत करतो. ऐपत नसलेल्यांना भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळू शकते. हा निधी २००९ पासून आहे आणि अर्ज दूतावासाकडंच करायचा असतो.

तिसरं काम: वकील तिकडचाच

छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आहे, ओळखीचे चांगले वकीलही आहेत, पण बर्लिन किंवा रियाधच्या कोर्टात त्यांना उभं राहता येत नाही. त्यांचा उपयोग कागदपत्रांसाठी आणि तिकडच्या वकिलाचं म्हणणं तुम्हाला समजावून सांगण्यासाठी करा. ब्रिटनमध्ये पोलीस ठाण्यात फुकट वकील मिळतो. जर्मनीत अटकेच्या दुसऱ्या दिवसाच्या अखेरपर्यंत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं आणि कोठडीतल्या आरोपीला वकील द्यावाच लागतो. अमेरिकेत फौजदारी खटल्यात ऐपत नसलेल्याला सरकारी बचाव वकील मिळतो, तो नागरिक असो वा नसो. व्हिसाच्या प्रकरणाला मात्र ती सोय नाही, आणि एका अटकेतून दोन्ही प्रकरणं उभी राहू शकतात.

वकिलाला पहिला प्रश्न पैशाचा विचारू नका. विचारा: आम्ही इथं काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही?

एकच तोंड

घरातून एकच माणूस बोलेल. तो बाप असायलाच हवा असं नाही. बऱ्याचदा बाप चिडतो आणि मामा नीट बोलतो. जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी चुलतबहीण असेल तर सगळ्यात बरं. बाकीच्यांनी एवढंच म्हणायचं: "ताई बोलतील, त्यांचा नंबर घ्या." हे आजीलाही शिकवून ठेवावं लागतं. पत्रकार हुशार असतात, ते अंगणात न थांबता मागच्या दारी भांडी घासणाऱ्या म्हातारीपाशी जातात. त्यांच्यावर राग धरू नका, त्यांचं ते काम आहे. लेखी निवेदन हातात दिलं तर निम्मे पत्रकार तेवढ्यावर परत जातात.

निवेदन साधारण असं असावं:

"आमच्या मुलाला परदेशात ताब्यात घेतल्याचं आम्हाला कळलं आहे. भारतीय दूतावासाशी आमचा संपर्क झाला आहे आणि त्याच्यासाठी वकील दिला आहे. आमचा मुलावर विश्वास आहे आणि तिथल्या कायद्याबद्दल आदर आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळं तपशिलावर आम्ही बोलणार नाही. घरातल्या मुलांचे आणि वृद्धांचे फोटो छापू नयेत ही विनंती."

बस. या घटनेत कुणी मेलं असेल किंवा जखमी झालं असेल तर एक वाक्य वाढवा: "ज्या कुटुंबावर हे दुःख आलं आहे, त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं." मात्र ते वकिलाला दाखवूनच. दुःख व्यक्त करणं आणि माफी मागणं यात कोर्ट फरक करतं.

कुठली वाक्यं अंगावर येतात?

"माझं लेकरू निर्दोष आहे." आई-बापाच्या तोंडी हे सहज येतं, आणि ते म्हणू नका असं सांगताना माझीही जीभ अडखळते. तरी "विश्वास आहे" एवढ्यावरच थांबा. तुम्ही तिथं नव्हता. अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले साक्षीपुराव्यापर्यंत जातच नाहीत, आरोपी आणि सरकारी वकील यांच्यात तडजोड होते. उद्या मुलाच्या वकिलानं कमी कलमावर तडजोड सुचवली, तर ज्याच्या बापानं गावभर निर्दोष असल्याची शपथ घेतली आहे तो पोरगा लाजेपोटी ती नाकारू शकतो. मग पाचाऐवजी पंधरा वर्षं.

"काहीही करून त्याला परत आणू." हे ऐकायला बाणेदार वाटतं. पण परदेशी आरोपीच्या जामिनाला सरकारी वकील मुख्यतः एकाच गोष्टीसाठी विरोध करतो: हा पळून जाईल. तुम्ही त्याच्या हातात तुमचंच वाक्य देता.

"त्या खोलीतल्या जोडीदारानंच अडकवलं." तो जोडीदार कदाचित तुमच्या मुलाच्या बाजूचा एकमेव साक्षीदार असेल. शिवाय अमिरातीत ऑनलाइन बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. २०२१ चा सायबर गुन्ह्यांचा कायदा त्याबाबत कडक आहे. तुम्ही जालन्यात बसून पोस्ट टाकाल. ती दुबईतून पुढं ढकलणारा तुमचाच मावसभाऊ तिथं पोलीस ठाण्यात जाईल.

"लहानपणापासून थोडा तापट आहे", "मध्यंतरी डोक्याच्या गोळ्या चालू होत्या." पहिलं वाक्य मारामारीच्या खटल्यात पुरावाच. दुसरं बचावाच्या कामाचं असू शकतं, पण ते घाटी रुग्णालयाच्या कागदांसह वकिलाकडं जायला हवं, कॅमेऱ्यापुढं नाही.

"ते सामान मीच बॅगेत घातलं होतं." हे सगळ्यात अवघड. अमिराती, सौदी, कतार, सिंगापूर इथं खसखस चालत नाही, आणि आपल्याकडं बाळंतिणीच्या किंवा डिंकाच्या लाडवात खसखस घातल्याशिवाय आईला करमत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या, यांचंही तेच. आईनं घातलं हे खरं असेल तर ते मुलाच्या सुटकेचं कारण ठरू शकतं. म्हणून त्याचं शपथपत्र करा, दुकानाची पावती, डॉक्टरची चिठ्ठी जोडा आणि वकिलाला पाठवा. टीव्हीवर रडत सांगितलेली गोष्ट कोर्टात बनवलेली वाटते.

आणि "आमच्यासाठी तो मेला." अब्रूच्या भीतीनं असं म्हणणारे बाप मी पाहिले आहेत. कोठडीतल्या पोरापर्यंत हे वाक्य पोचतं. त्याचं काय होत असेल ते सोडाच. शिक्षा ठरवताना घरचा आधार आहे का हे पाहणारी कोर्टंही आहेत, त्यांच्यासमोर हा आधार तुम्ही स्वतः काढून घेता.

ब्रिटनबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथं १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याप्रमाणं अटक झाली की प्रकरण चालू धरलं जातं, आणि ज्यूरीवर गंभीर परिणाम होईल असं काही प्रसिद्ध करणं अवमान ठरू शकतं. तिथली वर्तमानपत्रं तुम्हाला फोन करतील, गोड बोलतील. वकिलाचा नंबर द्या आणि फोन ठेवा.

समोरचं घरही ऐकतं

आखातातल्या आणि येमेनसारख्या देशांतल्या खुनाच्या खटल्यांत मृताच्या घरच्यांना माफ करण्याचा अधिकार असतो. कधी रक्तमूल्य म्हणजे दिया घेऊन, कधी न घेता. केरळच्या एका परिचारिकेला येमेनमध्ये १६ जुलै २०२५ ला फाशी होणार होती, ती पुढं ढकलली गेली. तिच्यासाठी भारतात चाललेल्या प्रचारावर मृताच्या भावानं जाहीर नाराजी दाखवली: आरोपीला पीडित म्हणून रंगवलं जातंय, हे त्याला सहन होत नव्हतं. ज्यांच्या दयेवर जीव अवलंबून आहे त्यांच्या मेलेल्या माणसाची आपण बदनामी करतो आहोत, हे इथल्या पॅनलवर बसणाऱ्यांच्या गावीही नसतं. अशा प्रकरणात मृताबद्दल एक अक्षरही वाईट बोलू नका आणि रक्कम किती गोळा झाली तेही जाहीर करू नका.

फोन, फोटो, अकाउंट

तुरुंगातून फोन आला तर तो रेकॉर्ड होतो असं धरून चाला. अमेरिकेत तर होतोच. "मराठीत बोलू, त्यांना काय कळतंय" हा भ्रम आहे, भाषांतर करणारे त्यांना मिळतात. जेवलास का, औषध मिळतं का, वकील भेटला का, एवढंच विचारा. काय घडलं ते विचारू नका आणि तो सांगायला लागला तर थांबवा.

मुलाचं फेसबुक, इन्स्टाग्राम कुणी पोस्ट पुसून साफ करू नये. पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा त्यातून उभा राहू शकतो. त्याच्या पासवर्डनं आत जाऊही नका. घरातले जुने मोबाईल, बिलं, तिकिटं, व्हॉट्सअॅपवरचे आवाजी निरोप मात्र जपून ठेवा. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं दोहा विमानतळावर चरससह पकडलं गेलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. नातेवाइकानं त्यांच्याजवळ पाकीट दिलं होतं, आणि आत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. घरच्यांनी इथल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेकडं तक्रार केली, भारतात तपास झाला, ते पुरावे कतारच्या कोर्टापुढं गेले आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटले. मोर्च्यानं हे झालं नसतं.

गावकी आणि पुढारी

गावाला काही सांगावंच लागतं, नाहीतर गाव स्वतः रचतं. पारावर जाऊन नको; सरपंच, जवळचे सोयरे आणि मुलीचं लग्न ठरलं असेल तर व्याही, एवढ्यांना निवेदनातलंच तोंडी सांगा. व्याह्यांना बातमीतून कळू देऊ नका, त्याचा राग केसपेक्षा जास्त टिकतो.

खासदाराचं पत्र उपयोगी आहे. परराष्ट्र मंत्रालय त्याची नोंद घेतं. पत्राचा मसुदा तुम्हीच न्या: नाव, पासपोर्ट नंबर, 'मदद'चा क्रमांक आणि एकच मागणी, उदाहरणार्थ दूतावासाची भेट किंवा दुभाषा. "न्याय मिळावा" असं लिहिलेल्या पत्राचं कुणीच काही करू शकत नाही. जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढू म्हणणारे येतील; "आपल्या समाजाचा म्हणून अडकवला" असं म्हणणारेही येतील. त्यांना चहा द्या. तुमच्या मुलाच्या नावाचं बॅनर छापू देऊ नका.

लोकवर्गणी काढायची असेल तर एकच बँक खातं, एक वही, आणि खर्च वकिलाच्या नावानं. आवाहनात केसचा तपशील नको.

आवाज केव्हा उठवायचा?

गप्प बसणं हा काही धर्म नाही. काही वेळा आवाज हाच उपाय असतो: पोरगं बेपत्ता आहे आणि कुठलंच ठाणं कबूल करत नाही, मागणी करूनही वकिलातीला भेटू देत नाहीत, मारहाण होतेय, फाशीची तारीख जवळ आली आहे. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये पकडलेल्या आठ माजी नौसैनिकांचं प्रकरण लोकांपुढं आलं ते एका बहिणीच्या जाहीर आवाहनानं. नंतरचं काम मात्र सरकारनं बंद दाराआड केलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. आवाज कशासाठी हवा ते आधी ठरवा. तेवढं मिळालं की थांबा.

दुसरा प्रकार एजंटांचा. थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी सांगून म्यानमार-कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोरं विकली जातात, आणि धाड पडली की आरोपी म्हणून तीच सापडतात. मार्च २०२५ मध्ये भारतानं अशा पाचशेहून जास्त जणांना म्यानमारमधून परत आणलं. इथं पहिलं पाऊल म्हणजे तुमच्या पोलीस ठाण्यात एजंटावर फिर्याद: भारतीय न्याय संहितेचं मानवी तस्करीचं कलम १४३ आणि १९८३ चा उत्प्रवासन कायदा. मुलगा गुन्हेगार नाही, फसवला गेलेला आहे, हे सांगणारा पहिला सरकारी कागद म्हणजे ही फिर्याद. मग एजंटाचं नाव घेऊन पत्रकार परिषद घ्या, हरकत नाही. त्याआधी घेतलंत तर तोच तुमच्यावर बदनामीची नोटीस काढील.

जायचं की नाही?

लगेच विमानात बसू नका, पण आई-बाप दोघांचेही पासपोर्ट नसतील तर अर्ज त्याच आठवड्यात करा. भेटीची परवानगी, व्हिसा आणि तारीख वकिलाकडून ठरल्यावर जा. तिकडं पोचल्यावर कोर्टाच्या पायरीवर सेल्फी नाही, फिर्यादीच्या घरी परस्पर जाणं तर मुळीच नाही. साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप होईल. कागद नेताना शाळेचा दाखला, वैद्यकीय कागद, पोलिसांचा चारित्र्य दाखला यांचं प्रमाणीकरण आधी राज्याकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून करून घ्या.

शिक्षा झालीच तर

२००३ च्या कैदी प्रत्यावर्तनाच्या (म्हणजे मायदेशी परत पाठवण्याच्या) कायद्याखाली शिक्षेचा उरलेला काळ भारतातल्या तुरुंगात काढता येतो, पण त्या देशाशी करार हवा. ब्रिटन, सौदी, अमिराती, कतार, कुवेत यांच्याशी आहे. निकाल अंतिम झालेला हवा, म्हणजे अपील चालू असताना अर्ज चालत नाही. साधारण सहा महिन्यांहून जास्त शिक्षा शिल्लक हवी. तो गुन्हा भारतातही गुन्हा हवा. आणि दोन्ही सरकारांबरोबर कैद्याची स्वतःची संमती हवी. अर्ज तुरुंगातून दूतावासामार्फत जातो, इथं केंद्रीय गृह मंत्रालय निर्णय घेतं. वर्षं लागतात. या काळात जाहीर बोलायचं असेल तर "अर्ज दिला आहे, प्रतीक्षा आहे" एवढंच.

सुटून आला तर चिकलठाणा विमानतळावर हार-गुलाल आणि डीजे नको. तिकडच्या सरकारी पक्षाची अपिलाची मुदत संपली का, हे आधी वकिलाला विचारा. मग निकालाची प्रमाणित प्रत आणि मराठी भाषांतर घेऊन, अटकेची बातमी ज्यांनी छापली त्या प्रत्येक संपादकाकडं जा आणि सुटकेची बातमीही छापा, ऑनलाइन बातमीत दुरुस्ती जोडा, असं लेखी द्या. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका.